टीव्ही बॉक्सवर लिनक्स उठत नाही, तेव्हा आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. घरात एक जुना अँड्रॉइड टीव्ही बॉक्स पडून आहे. खालच्या स्टिकरवर एस९०५एक्स चिप, २ जीबी रॅम आणि १६ जीबी साठवण लिहिलंय. त्यावर आर्मबियन (एआरएम चिपच्या छोट्या बोर्डांसाठीचं लिनक्स) टाकून घरच्यांचे फोटो एका जागी ठेवायचे आणि सगळ्या घरासाठी जाहिराती अडवणारा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) चालवायचा, असा तुमचा बेत आहे. ३२ जीबीच्या कार्डवर इमेज, म्हणजे आर्मबियनची जशीच्या तशी उतरवायची तयार फाइल, लिहिलीत. पहिल्यांदा सरळ अँड्रॉइडच उघडलं. मग एव्ही जॅकच्या भोकात टूथपिक घालून आतलं बटण दाबलंत, तेव्हा लोगो आला आणि पडदा काळा झाला. त्यानंतर सहा वेगवेगळ्या इमेज लिहून पाहिल्यात, तरी पडदा काळाच.

सातवी इमेज लिहू नका. इमेज बदलून हा प्रश्न सुटला तर तो योगायोगाने सुटेल आणि पुढच्या अपडेटला परत उभा राहील. बॉक्स चालू होतो तेव्हा आत चार-पाच कामं एकामागून एक होतात. त्यातलं कितवं अडलंय हे कळलं की उपाय बहुतेक वेळा दहा मिनिटांचा असतो. कळलं नाही, तर आठवडा जातो.

साधा कॉम्प्युटर आणि ही पेटी यांत एक मूलभूत फरक आहे. तो ध्यानात आला की पुढचं सगळं सोपं होतं. कॉम्प्युटरमध्ये बायोस असतं आणि पीसीआयवर बसलेलं प्रत्येक उपकरण विचारल्यावर आपली ओळख सांगतं. म्हणून एकच पेन ड्राइव्ह दहा कॉम्प्युटरांवर चालतो. एआरएमच्या चिपमध्ये असं विचारून कळत नाही. नेटवर्कचा भाग कोणत्या पत्त्यावर आहे, कार्डाचा वीजपुरवठा कोणत्या पिनवरून चालू होतो, घड्याळाचा वेग किती, हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आधीच लिहून द्यावं लागतं. पूर्वी हे प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या कोडमध्येच लिहीत. तो पसारा इतका वाढला, की २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. मग एआरएमने डिव्हाइस ट्रीची वाट धरली, जी पॉवरपीसी मशिनांवर आधीपासून वापरात होती. हार्डवेअरची सगळी माहिती एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये द्यायची, ती म्हणजे डीटीबी. तुमच्या कार्डावर अशा डझनावारी डीटीबी आहेत आणि त्यांतली नेमकी एक तुमच्या बॉक्सची आहे. चुकीची दिली तर कर्नल नसलेल्या पिनांवर काम करत बसतो आणि तुम्हाला दिसतो फक्त काळा पडदा.

आता क्रम. वीज मिळाली की चिपमध्येच कोरलेला छोटा प्रोग्राम उठतो. तो आतल्या ईएमएमसीवरून (बोर्डावरच बसवलेल्या साठवणीवरून) पुढचे टप्पे उचलतो आणि शेवटी कंपनीने घातलेलं यू-बूट, म्हणजे अँड्रॉइड किंवा लिनक्स उचलून चालू करणारा प्रोग्राम, चालू होतं. हे यू-बूट एरवी अँड्रॉइडच उघडतं. टूथपिकने बटण दाबून वीज दिली, तरच ते कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर एएमएल ऑटोस्क्रिप्ट नावाची फाइल शोधतं. ती फाइल एकदा चालली की आतल्या सेटिंगमध्ये नोंद होते: यापुढे आधी कार्ड बघ, मग अँड्रॉइड. म्हणजे टूथपिकचं काम आयुष्यात एकदाच. तुमचा अँड्रॉइड आता येत नाही, याचाच अर्थ हा टप्पा पार पडलेला आहे. ते भोक परत कोरू नका, आतलं बटण फार नाजूक असतं.

पुढचा टप्पा बरेच जण गाळतात, आणि तुमचीही अडचण इथेच असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. कंपनीचं यू-बूट जुनं असतं, नवीन कर्नल त्याला नीट उचलता येत नाही. म्हणून आर्मबियनच्या या इमेजमध्ये दुसरं, नवीन यू-बूट दिलेलं असतं आणि जुन्याने नव्याला हाक मारायची अशी सोय असते. मात्र नव्याचे तीन प्रकार कार्डावर असतात: एक एस९०५साठी, एक एस९०५एक्स आणि एस९१२साठी, एक एस९०५एक्स२ आणि त्याच्या पुढच्या चिपांसाठी. आपल्या चिपचा प्रकार निवडून त्याची प्रत ‘यू-बूट डॉट ईएक्सटी’ या नावाने कार्डाच्या त्याच विभागात (पार्टिशनमध्ये) ठेवायची असते. हे हाताने करावं लागतं, इमेज लिहिणारा प्रोग्राम करत नाही. सहाही वेळा इमेज लिहून तुम्ही कार्ड तसंच बॉक्समध्ये घातलं असेल, तर सहाही वेळा एकाच जागी अडलात.

हे झालं की एक्स्टलिनक्स नावाच्या फोल्डरमधली कॉन्फ फाइल उघडा. त्यात ‘एफडीटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ आहे, तिथे डीटीबीचं नाव द्यायचं. नावाच्या शेवटी येणारे पी२००, पी२१२ वगैरे शब्द म्हणजे चिप बनवणाऱ्या ॲमलॉजिकच्या नमुना बोर्डांची नावं. स्वस्त बॉक्स बनवणारे सहसा तोच नमुना थोडाफार बदलून वापरतात, म्हणून नमुन्याची डीटीबी चालून जाते. एस९०५एक्सला पी२१२ घ्या. एस९०५डब्ल्यूला पी२८१. साध्या एस९०५ला नेटवर्क गिगाबिट असेल तर पी२००, शंभर मेगाबिट असेल तर पी२०१. एस९१२ला तसंच क्यू२०० किंवा क्यू२०१. पडदा चालतोय पण नेटवर्क मेलंय असं झालं, तर बहुतेक वेळा या जोड्यांमधली चुकीची बाजू निवडलेली असते.

इथे स्टिकरचा प्रश्न येतो. स्टिकर आणि अँड्रॉइडच्या सेटिंगचा पडदा, दोन्हींवर विश्वास ठेवू नका. एस९०५डब्ल्यू असलेल्या पेटीवर एस९०५एक्स छापलेलं मी पाहिलंय, १ जीबी रॅमला २ जीबी म्हणणारं अँड्रॉइडही पाहिलंय. तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतो. खरी चिप कळायचे दोन मार्ग आहेत. एक, झाकण उघडून धातूची पट्टी काढायची आणि चिपवरचं लिखाण वाचायचं. दुसरा मार्ग सिरीयल कन्सोलचा, म्हणजे बॉक्स उठताना जे संदेश पाठवतो ते वायरने कॉम्प्युटरवर वाचायचे. त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण या कामात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काहीही नाही.

पण त्याआधी एक साधी गोष्ट करा. टीव्ही काळा आहे म्हणजे बॉक्स मेला असं नाही. नेटवर्कची वायर राऊटरला लावा, बॉक्स चालू करून पाच मिनिटं थांबा (पहिल्या वेळी कार्डाचा विभाग मोठा करण्यात वेळ जातो) आणि राऊटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. नवीन नाव दिसलं तर लिनक्स चालू आहे, फक्त एचडीएमआय बोलत नाहीये. तुम्हाला तर टीव्हीची गरजच नाही. एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करायची सोय) रूट या नावाने आत जा, पहिला पासवर्ड १२३४ असतो, आणि तो तुम्हाला लगेच बदलायला लावतात. काळ्या पडद्याला कंटाळून बाजूला ठेवलेले बॉक्स लोकांनी मला आणून दिलेत, आणि त्यांतले काही आतून व्यवस्थित चालत होते.

यादीत काही नाही दिसलं, तर सिरीयल. यूएसबी-टीटीएल नावाचं छोटं मॉड्यूल मिळतं, सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपवालं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन. घेताना ते ३.३ व्होल्टवर चालतं याची खात्री करा. काहींवर ३.३ आणि ५ निवडायचा जंपर असतो, तो ३.३वरच हवा. ५ व्होल्ट दिले तर चिपची ती पिन जळते.

बॉक्सच्या बोर्डावर एका ओळीत तीन किंवा चार रिकामी भोकं किंवा ठिपके दिसतील. नशीब असेल तर शेजारी नावं छापलेली असतात. नसतील तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक एचडीएमआयच्या धातूच्या कवचाला लावा, ज्या ठिपक्याशी आवाज येईल तो ग्राउंड. मॉड्यूलचा ग्राउंड तिथे जोडा. आता मॉड्यूलची आरएक्स (संदेश ऐकणारी) वायर उरलेल्या ठिपक्यांवर एकेक करून टेकवा आणि प्रत्येक वेळी बॉक्स चालू करा. ज्या ठिपक्यावर स्क्रीनवर अक्षरं धावू लागतील, ती बॉक्सची टीएक्स (संदेश पाठवणारी) पिन. नुसतं वाचायला या दोनच वायरी पुरतात. मॉड्यूलची व्होल्टची वायर कुठेही जोडायची नाही, बॉक्सला त्याचा स्वतःचा अॅडॅप्टर आहे. वेग ११५२००. लिनक्सवर पिकोकॉम, विंडोजवर पुटी, दोन्ही चालतील. अक्षरांऐवजी कचरा दिसला तर वेग चुकलाय किंवा ग्राउंड नीट टेकलेला नाही.

आलेली पहिलीच ओळ सोन्यासारखी आहे. जीएक्सबीबी या अक्षरांनी सुरू झाली तर चिप साधी एस९०५. जीएक्सएल म्हणजे एस९०५एक्स, एस९०५डब्ल्यू किंवा एस९०५डी. जीएक्सएम म्हणजे एस९१२. जी१२ए असेल तर एस९०५एक्स२, आणि एसएम१ असेल तर एस९०५एक्स३. ही अक्षरं चिपमधून येतात, छापखान्यातून नव्हे. स्टिकर एस९०५एक्स म्हणतंय आणि इथे जीएक्सबीबी दिसतंय, असं झालं तर सहा इमेजचं कोडं तिथेच सुटलं: यू-बूटही चुकीचं आणि डीटीबीही.

मग शेवटची ओळ बघा, कारण बॉक्स जिथे थांबला ती जागा तीच. यू-बूटचे संदेश एकदा येऊन, थोडं थांबून परत पहिल्यापासून सुरू होत असतील तर ‘ईएक्सटी’वाली फाइल चुकीच्या चिपची आहे. ‘स्टार्टिंग कर्नल’ येऊन पुढे शांतता असेल तर डीटीबी चुकलीये, किंवा कर्नल चालू आहे पण त्याचे संदेश सिरीयलवर पाठवायला सांगितलेलं नाही. दुसऱ्या शक्यतेसाठी कॉन्फ फाइलमधल्या ॲपेंडच्या ओळीत कन्सोल म्हणून ‘टीटीवायएएमएल०’ आहे का ते तपासा. रूट डिव्हाइसची (लिनक्सच्या मुख्य फाइली असलेल्या विभागाची) वाट बघतोय असा संदेश येऊन अडत असेल, तर कर्नल, डीटीबी, यू-बूट बऱ्यापैकी जागेवर आहेत. त्याला फक्त आपला विभाग सापडत नाहीये. इथे एक खोड सांगून ठेवतो. एकच इमेज कार्डावरही लिहिली आणि पेन ड्राइव्हवरही, आणि दोन्ही बॉक्सला लावून ठेवले, तर दोघांचा यूयूआयडी (विभागाचा ओळख क्रमांक) एकच असतो. कर्नल कार्डावरून उठतो आणि रूट पेन ड्राइव्हचं धरतो. मग तुम्ही एका ठिकाणी बदल करता आणि दिसत मात्र काहीच नाही. प्रयोग करताना एका वेळी एकच माध्यम लावा.

एमएमसी० आणि त्यापुढे एरर −११० दिसलं, तर कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही. −८४ म्हणजे उत्तर आलं पण खराब होऊन आलं. दोन्ही वेळा संशय कार्डावर, सॉकेटवर किंवा विजेवर घ्यायचा, इमेजवर नाही. कार्डाच्या बाबतीत मी आता कुणाचं ऐकत नाही, प्रत्येक नवीन कार्ड आधी तपासतो. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून परत वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. एका दुकानातून आणलेलं ३२ जीबीचं कार्ड असंच तपासलं, ते प्रत्यक्षात आठसुद्धा नव्हतं. अशा कार्डावर लिनक्स दोन आठवडे सुरळीत चालतं आणि मग अचानक फाइली गायब व्हायला लागतात, कारण तोवर खऱ्या जागेच्या पुढे लिहिलेलंच नसतं. घेताना कार्डावर ए१ खूण बघा. त्याचा अर्थ विखुरलेल्या वाचनाला सेकंदाला किमान १५०० आणि लिहिण्याला ५०० क्रिया. व्हिडिओसाठीचा मोठा एमबीचा आकडा इथे कामाचा नाही.

विजेचं म्हणाल तर, बॉक्सबरोबर आलेला अॅडॅप्टर सहसा ५ व्होल्ट २ अँपिअरचा असतो आणि वर्षा-दोन वर्षांत दमतो. बॉक्स एकटा चालतो, पण यूएसबीची हार्ड डिस्क लावली की फिरायला लागताना रीबूट होतो, हे त्याचं नेहमीचं लक्षण. यूएसबी २च्या पोर्टने फार तर ५०० मिलिअँपिअर द्यावेत अशी अपेक्षा असते, आणि फिरणारी डिस्क सुरुवातीला त्याहून जास्त ओढते. स्वतःचा अॅडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या किंवा वेगळी वीज घेणारी डिस्क. आणि पिन बसते एवढंच बघून कुठलाही अॅडॅप्टर लावू नका. राऊटरचा १२ व्होल्टचा पिनला तसाच बसतो, आणि बॉक्स एका क्षणात जातो.

बॉक्स उठला की ईएमएमसीवर लिनक्स टाकायचा मोह होईल. सुरुवातीचे सहा महिने टाकू नका. आतलं कंपनीचं यू-बूटच तुम्हाला कार्डापर्यंत नेतंय. ते पुसलं गेलं आणि नवीन नीट बसलं नाही, तर दोन्ही टोकांना नर असलेली यूएसबी केबल आणि विंडोजवरचा बर्निंग टूल घेऊन, मूळ फर्मवेअर शोधत बसावं लागतं. स्वस्त पेट्यांचं मूळ फर्मवेअर पुष्कळदा सापडतच नाही. कार्डावर चालवलंत, तर काहीही बिघडलं तरी कार्ड काढायचं आणि नवीन घालायचं. वायफायवरही वेळ घालवू नका. या पेट्यांमधल्या कित्येक वायफाय चिपांना मुख्य कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही, आणि सर्व्हरला वायरच बरी. एस९०५एक्सचं नेटवर्क शंभर मेगाबिटचं, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ११ एमबीच्या आसपास. १०० जीबी फोटो पहिल्यांदा चढवायला अडीच तास धरा, नंतर रोजचे काही मिनिटांत जातील.

फोटोंच्या डिस्कबद्दल दोन गोष्टी जीव तोडून सांगतो, कारण इथे चूक झाली तर नुकसान इमेजचं नाही, घरच्यांच्या आठवणींचं असतं. डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करा आणि एफस्टॅबमध्ये (उठताना कोणती डिस्क कुठे जोडायची याच्या यादीत) तिच्या ओळीत ‘नोफेल’ लिहा. ते नसेल तर एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही की बॉक्स दीड मिनिट वाट बघतो, मग इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो, आणि नेटवर्क नसल्यामुळे तुम्हाला आत जाता येत नाही. पण नोफेलने दुसरा धोका येतो: डिस्क लागली नाही तरी बॉक्स चालूच राहतो, आणि फोटो डिस्कऐवजी कार्डावरच्या त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. कार्ड भरतं, आणि घरच्यांना वाटतं फोटो सुरक्षित आहेत. यावर उपाय म्हणजे डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचॲट्र प्लस आय’ करून कुलूप लावायचं. मग डिस्क नसेल तर फोन सरळ चूक दाखवतो. आणि या डिस्कची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी हवीच.

आता डीएनएस. या पेट्यांमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की बॉक्स वेळ विसरतो आणि उठल्यावर शेवटची जतन केलेली वेळ धरून पुढे चालतो. थोडा वेळ लाइट गेली तर फरक पडत नाही. एका वर्षी गणपतीला आम्ही पाच दिवस कोकणात गेलो, निघताना मेन स्विच बंद केला. परत येऊन चालू केला तर घरात एकाही फोनवर इंटरनेट नाही. राऊटर ठीक, लाइन ठीक. बॉक्सवर मी अनबाउंड हा डीएनएस प्रोग्राम लावला होता आणि त्यात डीएनएसएसईसीची, म्हणजे उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची, तपासणी चालू होती. बॉक्सच्या मते तारीख पाच दिवस मागची, म्हणून आलेल्या सह्या त्याला भविष्यातल्या वाटत होत्या आणि तो त्या नाकारत होता. वेळ दुरुस्त करायला वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, आणि नाव शोधायला हाच डीएनएस लागतो. दोन्ही एकमेकांची वाट बघत बसले होते. तुम्ही हे आधीच टाळा: वेळ विचारायचा पत्ता नावाने न देता आकड्यांत द्या. तुमचा राऊटर वेळ सांगत असेल तर त्याचाच घरातला पत्ता उत्तम. एपीटीने (सॉफ्टवेअर आणणाऱ्या प्रोग्रामने) ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ म्हटलं, तरी आधी तारीख बघा.

राऊटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता देऊ नका. फोन दोन्हींना आलटून पालटून विचारतात आणि जाहिराती परत दिसायला लागतात. त्यापेक्षा ५ व्होल्ट देणारा राऊटरचा छोटा यूपीएस घ्या आणि बॉक्स त्यावर ठेवा. वीज झटकन जाणं कार्डाला सगळ्यात जास्त बाधतं. आर्मबियन लॉग रॅममध्ये ठेवून लिहिणं कमी करतं, ती सोय बंद करू नका.

आता आजचं काम. आधी ‘ईएक्सटी’वाली फाइल आणि एफडीटीची ओळ तपासा, मग राऊटरची यादी बघा. एवढ्याने नाही उठला तर टीटीएल मॉड्यूल मागवा, आणि मला सिरीयलची पहिली ओळ आणि शेवटच्या वीस ओळी जशाच्या तशा पाठवा. सोबत बोर्डाचा वरून काढलेला एक स्पष्ट फोटोही द्या, ठिपके कुठे आहेत ते मी खूण करून सांगतो.